स्पॅनियल घरी आणण्यापूर्वी

घरातील वृद्ध व्यक्तीला सोबत व्हावी म्हणून कुत्रा आणण्याचा विचार आपण करीत असाल आणि मन कॉकर स्पॅनियलच्या लोंबत्या, रेशमी कानांवर जडले असेल, तर आधी त्याचे कूळ जाणून घ्यावे.

‘स्पॅनियल’ या नावाचा संबंध स्पेन देशाशी जोडला जातो. इंग्रज कवी चॉसर याने १४ व्या शतकातच या कुत्र्याचा उल्लेख केला आहे. ‘कॉकर’ हे नाव वुडकॉक या पक्ष्यावरून आले. झुडपांत दडलेला पक्षी हुंगून उठवायचा, मात्र शिकाऱ्यापासून दूर जायचे नाही, हे त्याचे काम. इंग्लंडमध्ये १९०२ साली या जातीचा स्वतंत्र क्लब स्थापन झाला. माणसाला बिलगून राहण्याचा त्याचा स्वभाव या कामातूनच घडला आहे. म्हणूनच त्याला एकटेपणा सोसत नाही आणि नुसते बसून राहणेही मानवत नाही.

भंडाऱ्यात आमच्या घरी सासूबाईंच्या सोबतीला असा कॉकर ६ वर्षांपासून आहे. सासरे वारल्यावर नणंदेने तो आणला. खांब तलावाच्या बाजूला फिरताना पाखराचा माग लागला की त्याचे नाक जमिनीवरून उठत नाही. १३-१४ किलोंचे ते अंग ओढ घेऊ लागले की ८२ वर्षांच्या हाताला आवरणे कठीण. म्हणून पट्टा माझ्या हाती असतो आणि सासूबाई काठी टेकत सोबत चालतात. घरात तो सतत पायांत घोटाळतो. त्यांनी अडखळून पडू नये यासाठी त्याच्या गळ्यात घुंगरू बांधले आहे आणि रात्री न्हाणीघराच्या वाटेवर दिवा तेवत ठेवतो.

लोंबत्या कानांत हवा खेळत नाही. ओल राहिली की संसर्ग होतो. त्यामुळे दर आठवड्याला कान तपासावेत व अंघोळीनंतर कोरडे करावेत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकतो. त्या दिवसांत फेरी पहाटेच उरकावी. रेबीजची लस पशुवैद्यकांच्या सल्ल्याने वेळच्या वेळी द्यावी.

ही जात साधारणतः १२ ते १४ वर्षे जगते. सासूबाईंनी एकदा विचारले, “माझ्यामागे याचं कोण करेल?” “मी करीन,” असे सांगितले तेव्हा कुठे त्या निर्धास्त झाल्या. आपल्या घरी या प्रश्नाचे उत्तर कोण देणार, हे ठरवून मगच पिल्लू आणावे.