अष्टमीच्या आसपास या

पोर्ट ब्लेअर, नागपंचमी

प्रिय ताई,

पितृपक्षात विमानाची तिकिटं स्वस्त दिसतायत, तर सगळ्यांनी तिकडे यावं का, असं तू विचारलंस. यावं, आणि हॅवलॉक बेटावरच यावं. फक्त हिवाळ्यातल्या सहलीची यादी बरोबर आणू नका. इथल्या पावसात त्या यादीतलं निम्मंच होतं आणि उरलेल्या निम्म्याच्या मागे धावताना आईचे गुडघे बोलायला लागतील.

भावजींनी मागवलेल्या पत्रकात नील बेट आणि बाराटांगही आहे. दोन्ही काढून टाका. नीलसाठी आणखी एक बोट धरावी लागते, आणि बोट म्हणजे आणखी एक 'जर-तर'. बाराटांगचा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. गाड्यांच्या खिडक्यांतून त्या माणसांकडे पाहत जाणारे पर्यटक ही गोष्ट मला सहन होत नाही. आपल्या मुलांनी त्या रांगेत बसू नये असं मला अगदी मनापासून वाटतं.

पहिला मुक्काम इथे, पोर्ट ब्लेअरलाच करा. विमान सकाळी उतरलं की दुपार सेल्युलर जेलसाठी मोकळी मिळते. भगूरचा सावरकर वाडा पाहून आल्यापासून आई जेलबद्दल विचारतेय. इमारतीच्या मूळ ७ ओळींपैकी आज ३ उभ्या आहेत. तात्याराव सावरकरांना १९११ मध्ये इथे आणलं तेव्हा थोरले भाऊ बाबाराव आधीपासून इथल्याच कोठड्यांत होते. तात्यारावांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर, ओळीच्या टोकाला आहे. जिना चढून वर लांब व्हरांडा चालावा लागतो, म्हणून घाई न करता आईला वर न्या. कोठडी साधारण साडेतेरा फूट लांब आणि साडेसात फूट रुंद आहे, आणि झरोका इतका उंच की हात पोचत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या एका घरातले दोन भाऊ इथे होते, हे मुलांना तिथे उभं राहूनच सांग. मला ते वाचून माहीत होतं, पण त्या दारात उभी राहिल्यावर बराच वेळ बोलता आलं नाही.

तिकिटांवर पोर्ट ब्लेअर 'श्री विजयपुरम' आणि हॅवलॉक 'स्वराज द्वीप' असं दिसेल. गोंधळू नका.


हॅवलॉक, नारळी पौर्णिमा

ताई,

शनिवार-रविवारची सुटी जोडून तुमच्यासाठी खोली पाहायला आले आहे. काल फिनिक्स बे जेट्टीवरून सरकारी बोटीने आले. अडीच तासांच्या आसपास लागले. खासगी बोटी जलद आहेत, पण त्यांत बंद काचेआड बसावं लागतं. मुलांना आणि बोट लागणाऱ्या तुला मोकळा वारा बरा. काल समुद्र खवळलेला होता. निम्मे प्रवासी पिशव्या हातात धरून बसले होते.

आज आपल्या किनाऱ्यावर नारळ वाहिले असतील. तिकडे या दिवसापासून समुद्र शांत होऊ लागतो, होड्या पाण्यात जातात. इथे तसं नाही. नैऋत्येचा पाऊस मे महिन्यात लागतो आणि सप्टेंबर संपेपर्यंत असतो. तो जरा ओसरतो तोवर ईशान्येकडचा सुरू होतो, डिसेंबरपर्यंत. खात्रीचे कोरडे दिवस जानेवारीनंतरचे. म्हणून 'पितृपक्षापर्यंत पाऊस गेलेला असेल' हा हिशोब सोडून द्या आणि पाऊस येणारच असं धरून चला. दिवसभर संततधार असते असं मात्र नाही. सर धो धो येते, तासाभरात जाते, आणि मग जंगल असं हिरवंगार दिसतं की हिवाळ्यात येणाऱ्यांची मला कीव येते.

खोली मी विजयनगरला बघितली आहे, पूर्व किनाऱ्यावर. राधानगरचा किनारा सुंदर आहे यात वाद नाही. त्याची पांढरी वाळू आणि मागचे उंच समुद्री महुआ पाहताना मन भरून येतं. पण तो पश्चिमेला आहे आणि या दिवसांत वारा तिकडूनच येतो. लाटा मोठ्या, पाण्याला ओढ असते. तिथे एक संध्याकाळ जा, जीवरक्षक दाखवतील तेवढ्याच पट्ट्यात पाय भिजवा. खाडीच्या तोंडाशी तर कुणीही पाण्यात उतरायचं नाही. खाऱ्या पाण्यातल्या मगरींच्या पाट्या उगाच लावलेल्या नाहीत. २०१० मध्ये राधानगरजवळच्या नील्स कोव्हमध्ये एका परदेशी तरुणीचा जीव गेला आहे.

विजयनगरच्या बाजूला बेटाचाच आडोसा आहे, म्हणून पाणी शांत. पण तिथे भरती-ओहोटी पाहून दिवस ठरवावा लागतो. आज पौर्णिमेचं उधाण. दुपारी उशिरा पाणी इतकं मागे गेलं की किनाऱ्यापासून लांबपर्यंत नुसते खडक, मेलेली पोवळी आणि मधे साचलेली डबकी. त्या डबक्यांत खेकडे, समुद्रकाकड्या, बोटभर निळे मासे. तुझी धाकटी तिथे दोन तास रमेल, पण पायात बूट हवेत. पोहणं मात्र अशा वेळी शक्य नाही. रोज ही वेळ सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते.

म्हणून माझं म्हणणं ऐक. पितृपक्ष पौर्णिमेला लागतो तेव्हा उधाण असतं. आजोबांची तिथी पंचमीची. ती घरी नीट होऊ दे आणि दुसऱ्या दिवशी निघा. अष्टमीच्या आसपास तुम्ही इथे असाल. तेव्हा भांगाचं पाणी असतं, फार चढत नाही, फार उतरत नाही, मुलांना डुंबायला तेच चांगलं. सहामाहीही तोवर लांब आहे.

ज्यांच्याकडे उतरायचं त्या घरातले आजोबा पन्नासच्या दशकात पूर्व बंगालमधून निर्वासित म्हणून इथे आले. राधानगर, गोविंदनगर, श्यामनगर ही गावं अशाच कुटुंबांनी जंगल तोडून वसवली. आईचा चातुर्मास मी त्यांना समजावून सांगायला लागले, तर आजी म्हणाल्या, आमचं निरामिष जेवण कांदा-लसणाशिवायच असतं. दुपारी भात, मुगाची डाळ, भोपळ्याची भाजी वाढली. आई पोटभर जेवेल. गर्दीच्या दिवसांत या घरात कुणाला बोलायला सवड नसते. आता आजी तास-तास ओसरीवर बसतात. आईची आणि त्यांची हिंदी सारखीच कच्ची आहे, पण दोघींचं जमेल याची मला खात्री आहे.


पोर्ट ब्लेअर, त्याच आठवड्यात

ताई,

परतीची बोट वाऱ्यामुळे रद्द झाली आणि मी एक रात्र जास्त तिकडे राहिले. जेट्टीवर एक कुटुंब होतं, त्यांचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. त्या कुटुंबातल्या बाईंचा चेहरा अजून डोळ्यांपुढे आहे. तेव्हा ही एक गोष्ट भावजींनी हट्टाने पाळावी: शेवटची रात्र हॅवलॉकला नको. पोर्ट ब्लेअरला एक रात्र, हॅवलॉकला तीन, पुन्हा पोर्ट ब्लेअरला एक, मग विमान. हॅवलॉकहून निघायची बोट सकाळची घ्या, म्हणजे ती चुकली तरी दिवस हातात राहतो. तारीख बदलता येणारं विमानाचं तिकीट थोडं महाग पडतं. तेवढे पैसे खर्च करा, खोलीच्या भाड्यात ते वाचतातच.

दिवस इथे लवकर उजाडतो. पाचच्या सुमारास उजेड, आणि सहाच्या आधी सूर्य मावळलेला. राधानगरला साडेतीनला पोचा. सूर्य कलला की वाळूतल्या बारीक माश्या चावतात, मुलांना पाय झाकणारे कपडे घाला. पोवळं आणि शंख-शिंपले उचलून न्यायला बंदी आहे, मोठ्याला आधीच सांगून ठेव, नाहीतर विमानतळावर रडारड होईल. आईची औषधं दुप्पट दिवसांची घ्या, बेटावर एकच लहान सरकारी दवाखाना आहे.

खोली मी तोंडी धरून ठेवली आहे. तिथीनंतरची तारीख आईशी बोलून नक्की कर आणि कळव, म्हणजे बोटीची तिकिटं मी इथूनच काढते.

तुझी,
धाकटी