पुराच्या रेषेवरचं किचन

इंटिरियरवाल्याच्या ड्रॉइंगमध्ये ओट्याखाली प्लायवूडच्या ट्रॉल्या होत्या. दिसायला छान. पण आमचं घर बदलापूर पश्चिमेला, तळमजल्यावर, उल्हास नदीच्या अंगाला. २६ जुलै २००५ला घरात पाणी शिरलं. २७ जुलै २०१९ला, वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली त्या दिवशी, पुन्हा. भिजलं की प्लायवूड फुगतं, पदर सुटतात. कडप्पा धुऊन पुसला की झालं. म्हणून कप्पे कडप्प्याचे, दारं ॲल्युमिनियमची, फ्रिजचा सॉकेट छातीइतका उंच.

ऑफिसात आम्ही सर्व्हर कधीतरी बंद पडणारच, हे धरून सिस्टिम आखतो. आईने किचन तसंच आखलं. तिची अट एकच : तांदळाचा डबा अंधारातही चढवता येईल अशी रुंद फळी. टाइल्सच्या आधी तिचे पैसे बाजूला काढले.