श्वासाचे दान

धर्मगुरूला रात्री-अपरात्री येणारी हाक बहुधा मरणाची असते. काही वर्षांपूर्वी अशीच एक हाक कल्याणहून आली. आमच्या धर्मग्रामातील एका तरुण दांपत्याचे बाळ सातव्या महिन्यातच जन्मले होते. वजन अवघे १२०० ग्रॅम. बाप डोंबिवलीच्या कारखान्यातून तसाच धावत आला होता. काचेच्या पेटीतले ते बाळ प्रत्येक श्वासागणिक कण्हत होते. त्याच्या कपाळावर थोडे पाणी ओघळवून मी स्नानसंस्कार दिला. मनातून मी त्याला निरोपच दिला होता.

तेवढ्यात डॉक्टरबाईंनी संमतिपत्र पुढे केले. नळीवाटे बाळाच्या फुफ्फुसांत औषधी द्रव सोडायचा होता. बाप हबकला. "फादर, छातीत पाणी गेलं की माणूस बुडतो ना? मग मी सही कशी करू?" तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलेल्या माझ्यापाशी उत्तर नव्हते.

डॉक्टरबाईंनी शांतपणे समजावले. फुफ्फुसांतील इवले वायुकोश आतून ओले असतात. ओली प्लास्टिकची पिशवी चिकटून बसावी, तसे ते श्वास सोडताच मिटू पाहतात. त्यांना उघडे ठेवणारा सरफॅक्टंट नावाचा स्निग्ध पदार्थ गर्भात साधारण ३४ आठवड्यांनंतरच पुरेसा होतो. गाईच्या फुफ्फुसांतून काढलेला तोच पदार्थ, सुमारे पाच मिलिलिटर, द्यायचा होता. तो साचत नाही, आत पसरतो. बापाने थरथरत्या हाताने सही केली.

पुढे मी याविषयी वाचले. या विकाराचे कारण डॉ. मेरी एलन एव्हरी यांनी १९५९ साली दाखवून दिले होते. तरीही १९६३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींचा नवजात पुत्र पॅट्रिक याच विकाराने दोन दिवसांतच गेला. त्यालाही जन्मताच स्नानसंस्कार मिळाला होता. औषध मात्र जगात कोठेच नव्हते. जपानच्या डॉ. फुजिवारांनी दहा बाळांना ते यशस्वीपणे दिले, ते १९८० साली. एका राष्ट्राध्यक्षाला जे लाभले नाही, ते कल्याणच्या एका कामगाराच्या लेकराला लाभले!

काही महिन्यांनी ते बाळ राहिलेल्या विधींसाठी चर्चमध्ये आले. स्नानसंस्कार एकदाच होतो. म्हणून पुन्हा पाणी घातले नाही. तेलाचा स्पर्श होताच त्याने असा टाहो फोडला, की सारे चर्च हसले. मी मात्र क्षणभर मान खाली घातली. त्या रात्री मी केवळ मरणाचीच तयारी करून गेलो होतो.