शत्रुंजय : मुदतीच्या करारावर उभे तीर्थ

सौराष्ट्रातील भावनगर जिल्ह्यात, पालिताणा गावाच्या दक्षिणेस शत्रुंजय गिरिराज उभा आहे. जयतलाटीपासून माथ्यापर्यंत साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या आहेत. वर पोहोचल्यावर नऊ टुंका आणि आठशेहून अधिक जिनालये नजरेत मावत नाहीत. प्रथम तीर्थंकर ऋषभदेव येथे पूर्व नव्वाणू वेळा पधारले, अशी श्रद्धा असल्याने अनेक भाविक नव्वाणू यात्रांचे व्रत घेतात. सायंकाळ झाली की सारे खाली उतरतात. गिरिराजावर रात्री मुक्काम करण्याची प्रथा नाही.

नऊ टुंकांपैकी एक मुंबईचे जहाजमालक व्यापारी शेठ मोतीशा यांची. दोन शिखरांमधील कुंतासर नावाची खोल दरी बुजवून त्यांनी ती उभारण्यास घेतली. १८३७ साली प्रतिष्ठा झाली, तेव्हा शेठ हयात नव्हते. व्यापारात मिळवलेले धन दगडात कसे रूपांतरित होते, याचे हे ठळक उदाहरण होय. परंतु ज्या भूमीवर ही शिखरे उभी राहिली, तिच्यावर सत्ता पालिताणा संस्थानाची होती. पूजेचा हक्क संघाचा आणि राज्य ठाकोरांचे, या दोहोंमधील अंतर दीर्घकाळ करारांनीच सांधले गेले.

यात्रेकरूंच्या संरक्षणासाठी संस्थानास द्यावयाच्या रकमेस ‘रखोपा’ म्हणत. १८२१ मध्ये कॅप्टन बार्नवेल यांच्या मध्यस्थीने ती वार्षिक ४,००० रुपये ठरली. १८६३ मध्ये मेजर कीटिंग यांच्या निवाड्याने ती १०,००० झाली. १८८६ च्या करारान्वये माणशी कराऐवजी १५,००० रुपये वार्षिक रक्कम चाळीस वर्षांसाठी निश्चित झाली. या कराराचे एक कलम मात्र दूरगामी ठरले. मुदत संपल्यावर कोणत्याही पक्षाने रकमेत बदल मागावा आणि तो मान्य करावा की नाही हे ब्रिटिश सरकारने ठरवावे, असे त्यात नमूद होते. म्हणजे रक्कम चाळीस वर्षे स्थिर राहिली, पण एकेचाळिसाव्या वर्षाचा निर्णय तिसऱ्याच्या हाती सोपवला गेला.

३१ मार्च १९२६ रोजी ती मुदत संपली. संस्थानाने माणशी कराचा आग्रह धरला. प्रश्न केवळ पैशांचा नव्हता. गडाच्या भिंतींच्या आत कारभार कोणाचा, हाही वाद त्यात होता. तीर्थाचा कारभार पाहणाऱ्या शेठ आणंदजी कल्याणजी पेढीची धुरा त्या काळात शेठ कस्तुरभाई लालभाई यांच्याकडे होती. संघाने आंदोलनाचा जो मार्ग निवडला, तो जैन आचारास साजेसा होता. १ एप्रिल १९२६ पासून यात्राच थांबवण्यात आली. दादांच्या दर्शनाची ओढ असलेल्या समाजाने दर्शनाचाच त्याग केला. यात्रेकरू नाहीत, म्हणजे कर देणाराही नाही. दोन वर्षांहून अधिक काळ हा संयम टिकला आणि कागदपत्रांच्या आधारे वाटाघाटीही चालू राहिल्या.

अखेर व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या उपस्थितीत सिमल्यास २६ मे १९२८ रोजी तडजोड झाली. वार्षिक ६०,००० रुपये, मुदत पस्तीस वर्षे. रक्कम पूर्वीच्या चौपट झाली, हे खरे. परंतु माणशी कर टळला आणि १ जून १९२८ पासून यात्रा पुन्हा सुरू झाली. १९४८ मध्ये संस्थाने सौराष्ट्रात विलीन झाली आणि हा रखोपाही इतिहासजमा झाला. पस्तीस वर्षांचा हिशेब पुरा करण्याची वेळच आली नाही.

आज संस्थाने नाहीत, परंतु मुदतीचे करार आहेत. महाराष्ट्रात अनेक संस्थांच्या धर्मशाळा, पाठशाळा, गोशाळा शासकीय जमिनीवर भाडेपट्ट्याने उभ्या आहेत. पट्टा नोंदणीकृत आहे काय, जमीन कोणत्या प्रयोजनासाठी मिळाली, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीविना वापर बदलून शर्तभंग तर झाला नाही ना, नूतनीकरणाचा अर्ज कोणत्या वर्षी करावयाचा, हे प्रश्न विश्वस्तांच्या प्रत्येक वार्षिक सभेत विचारले गेले पाहिजेत. पेढीवरचा मुनीम येणे-देण्याच्या तारखा जशा डोळ्यांसमोर ठेवतो, तशीच पट्ट्याची अखेरची तारीख कार्यालयाच्या भिंतीवर लिहिलेली असावी. मंदिराचे दान देणारे पुष्कळ भेटतात. त्याचा दस्तऐवज सांभाळून पुढील पिढीच्या हाती देणारे विरळ. शत्रुंजयाच्या पायऱ्या चढणाऱ्याने मोतीशांबरोबर अशा निनावी कारभाऱ्यांचेही स्मरण करावे.