नाहरगडावरून जयपूर

१२ जानेवारी

दिवस जंतरमंतरात गेला. सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे. त्याची सावली कमानीवरून मिनिटाला चार बोटे सरकते. टक लावून पाहिले की ती चालताना दिसते. ते वेळ दाखवते जयपूरच्या आकाशातली, त्यामुळे या दिवसांत आपल्या घड्याळापेक्षा अर्ध्या तासाहून अधिक मागे. ताईने तीनदा ताडून पाहिले. ज्या राजाने सूर्य असा मोजला, त्याचे शहर मावळत्या उन्हात वरून पाहायचे, हे तिथेच ठरले.

१३ जानेवारी

नाहरगडाचा गाडीरस्ता आमेरच्या बाजूने लांबून वळसा घेऊन येतो. आम्ही जुन्या वस्तीतून निघणारी फरसबंदीची वळणाची वाट धरली. चढ दमवणारा, पण प्रत्येक वळणावर शहर थोडे अधिक उलगडते. गाडीने येणाऱ्याला ते एकदम समोर येते. मला हे हळूहळू उलगडणेच आवडले.

गडही त्याच राजाने, सवाई जयसिंहाने, १७३४मध्ये बांधला, शहराची पायाभरणी १७२७ची. तटावर पोचलो तेव्हा सूर्यास्ताला तासभर होता. सगळी गर्दी पश्चिमेकडे. आम्ही उलट बाजूला, शहराकडे तोंड करून बसलो. माझे ठाम मत आहे की इथला सूर्यास्त शहरावरच पाहावा. तिरपे ऊन पडले की रस्ते सावलीत बुडतात, गच्च्या उजळतात, आणि विद्याधर भट्टाचार्यांची आखणी ठळक उमटते. चांदपोलपासून सूरजपोलपर्यंतचा सरळ हमरस्ता, त्याला काटकोनात छेदणारे बाजार आणि त्यांच्यामधल्या चौकड्या, म्हणजे चौकोनी वस्त्या. वायव्येला हाच डोंगर आडवा आल्यामुळे चौकोन पुरा होईना, म्हणून एक चौकडी पूर्वेला सरकवली. डोंगरावर बसूनच ही तडजोड नीट कळते.

त्रिपोलियाजवळ एक सडपातळ मनोरा दिसतो, सात मजली. ईसरलाट. जयसिंहाचा थोरला मुलगा ईश्वरीसिंह याने तो १७४९मध्ये, सावत्र भाऊ माधोसिंहावरच्या विजयाची खूण म्हणून उभारला. भावांच्या या भांडणात मराठे पैशासाठी उतरले होते. खंडणी थकली, मल्हारराव होळकरांची फौज डिसेंबर १७५०मध्ये जयपूरवर आली, आणि ईश्वरीसिंहाने विष घेतले. विजयाची खूण उभारून पुरती दोन वर्षेही झाली नव्हती.

पुढचे ताईला ठाऊक नव्हते. मी तिथेच सांगितले. जानेवारी १७५१मध्ये हे नवे देखणे शहर पाहायला आणि खरेदी करायला मराठे आत गेले असताना शहर त्यांच्यावर उठले. वेशी बंद झाल्या, गल्लीबोळांतून कत्तल झाली. आपल्याकडे अटकेचा अभिमान तोंडपाठ असतो. खंडणीने गांजलेल्या या शहराचा संताप मात्र आपल्या बखरप्रेमात कुठे बसत नाही. तो बसायला हवा. मेलेलेही आपलेच होते, बहुतेक साधे शिपाई, आज सकाळी जोहरी बाजारात आम्ही फिरलो तसेच फिरणारे. ताई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “त्या वेशी इथून दिसतात का गं?” चांदपोल कुठे असावा ते मी बोटाने दाखवले.

सहाला काही मिनिटे असताना सूर्य गेला. गडाची सावली ब्रह्मपुरीवर कधीच पोचली होती. शेवटचे ऊन पूर्वेच्या गलत्याच्या डोंगरावर होते, सूर्यमंदिराच्या बाजूला. मग दिवे लागले. आधी तुरळक, पुढे हमरस्त्याची एक सलग रेघ.

१४ जानेवारी

संक्रांत. काल पाहिलेल्या गच्च्यांवर आज अख्खे शहर चढले होते. वर पोचेपर्यंत “वो काटा!”चा गलका डोंगरापर्यंत येत होता. पतंग आपण मान वर करून पाहतो. इथे ते पायांखाली होते, हजारोंनी, आणि उन्हाकडे वळले की कागद आरपार पेटल्यासारखा दिसे. मांजाने घायाळ झालेले एक कबुतर तटाशी पडले होते. एका मुलाने ते ओढणीत गुंडाळून खाली नेले. पक्ष्यांवर उपचार करणारी मंडळी आजच्या दिवशी शहरात बसतात, असे तो म्हणाला. काचेचा मांजा बंद व्हायलाच हवा, सण त्यावाचून अडणार नाही.

अंधार पडल्यावर पतंगांच्या जागी कागदी कंदील चढू लागले. शेजारच्या कुटुंबातल्या काकूंनी आग्रहाने फीणी दिली, ताईने डब्यातले तिळगूळ त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी विचारले, कुठून आलात? ताई म्हणाली, साताऱ्याहून. त्या म्हणाल्या, मग उद्या ईसरलाट चढून पाहा, वरून नाहरगड फार छान दिसतो.

उद्याचा आमेरचा बेत दुपारवर ढकलला आहे.