पाउणकी

आमच्या करावे गावात देवळाच्या कट्ट्याला टेकून एक फळा उभा असतो. रोज सकाळी सातच्या आत मी त्यावर चार गोष्टी लिहितो. वर एक विचार, त्याखाली एक माहिती, मग एक कोडं आणि अगदी तळाला विनोद. कोड्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी. रविवारीही फळा बंद नसतो, कारण ज्यांना सुट्टी असते ते रविवारीच निवांत वाचतात.

हे खूळ जुनं आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात मी टाइमकीपर होतो. गेटजवळचा सुरक्षेचा फळा माझ्याकडे असायचा. ‘आज अपघाताविना अमुक दिवस’ हा आकडा रोज एकाने वाढवायचा आणि खाली एक सुविचार लिहायचा. एकतीस वर्षं खडू हातात राहिला. निवृत्त झालो आणि दुसऱ्याच आठवड्यात बायको म्हणाली, “माझ्या हातून कढईत काय करपलं, किती वाटलं, ते मोजत घरात बसू नका. बाहेर जा.” मी बाहेर गेलो, ते फळा घेऊनच.

आता गावात मला नावाने कोणी हाक मारत नाही. पोरं ‘टायमकीपर काका’ म्हणतात, माझ्या वयाचे ‘मास्तर’ म्हणून चिडवतात. शाळेत मी एक दिवसही शिकवलेलं नाही.

फळ्यावरचा विचार कोणी वाचत नाही, हे मला पहिल्या महिन्यातच कळलं. विचाराचं देवळातल्या घंटेसारखं असतं. जाता जाता माणूस ती वाजवतो आणि पुढे सटकतो. सी-वूड्स-दारावे स्टेशनकडे निघालेल्या माणसाला आठ-बाराची लोकल पकडायची असते, त्याला ‘संयम हाच दागिना’ वाचून काय करायचंय? माहितीपाशी मात्र तो अर्धा क्षण थबकतो. त्यातही ती गावाजवळची असेल तर.

एकदा लिहिलं होतं, ‘आपल्या करावेच्या अंगणातलं चाणक्य हे आधी जहाज होतं.’ त्या दिवशी कट्ट्यावर गर्दी झाली. गोष्ट अशी, की व्यापारी जहाजांवरच्या अधिकाऱ्यांचं शिक्षण १९२७ पासून मुंबई बंदरात ‘डफरिन’ या जहाजावर चालायचं. १९७२ मध्ये त्याची जागा ‘राजेंद्र’ने घेतली. १९९३ मध्ये हे शिक्षण किनाऱ्यावर आलं, ते आमच्या करावेत, आणि नाव मिळालं टी. एस. चाणक्य. त्यातलं टी. एस. म्हणजे ट्रेनिंग शिप. जहाज राहिलं नाही, पण नावातली बोट तशीच राहिली. एक म्हातारा लगेच म्हणाला, “मंग आपलं पन तसंच ना. होरी नाय, पन आपन कोलीच.” होरी म्हणजे होडी. हा त्याने विनोद म्हणून सांगितला की माहिती म्हणून, ते मला ठरवता आलं नाही. त्या दिवशी तळाच्या विनोदाची जागा मी कोरी ठेवली.

चाणक्यच्या मागच्या पाणथळीत थंडीपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत फ्लेमिंगो उतरतात. मोठे कॅमेरे घेतलेले लोक लांबून येतात. फ्लेमिंगोचं पिल्लू जन्मतः करड्या-पांढऱ्या रंगाचं असतं, गुलाबी रंग त्याला खाण्यातून येतो. चिखलातलं शेवाळ आणि बारीक कोलंबीसारखे जीव खातो, त्यांतलं रंगद्रव्य पिसांत उतरतं. हे मी लिहिलं त्या दिवशी बायकोने जेवताना विचारलं, “मग तुम्ही जन्मभर बांगडे खाऊन निळे कसे नाही झालात?” हाच दुसऱ्या दिवशीचा विनोद झाला. फळ्यावरचे निम्मे विनोद तिचे आहेत, मानधन मात्र अजून ठरलेलं नाही.

दुसरा एक विनोद गावात अजून चालतो. ‘फ्लेमिंगो तासन् तास एका पायावर का उभा असतो? त्याचाही साडेबारा टक्क्यांचा भूखंड यायचा बाकी असेल.’ बाहेरगावच्या माणसाला यात हसण्यासारखं काय आहे ते कळत नाही. आमच्याकडे तीन पिढ्या हसतात आणि मग गप्प होतात. त्याबद्दल पुढे सांगतो.

खरा जीव कोड्यात असतो. सुरुवातीला मी पुस्तकातली कोडी लिहायचो. दोन गाड्या समोरासमोरून निघाल्या, टाकी दोन नळांनी भरते, अशी. ती पोरं मोबाइलला विचारायची आणि मी खडू खाली ठेवायच्या आत उत्तर आलेलं असायचं. मग मी स्वतः कोडी रचायला लागलो. त्यातलं एक असं होतं:

‘दिवसातून दोनदा येतो, दार वाजवत नाही. जाताना ओली पावलं ठेवतो. महिन्यातून दोनदा अंगावर धावून येतो, दोनदा रुसून लांबच बसतो. सांगा कोण?’

पोरांनी बोका, पाहुणा, पाणीपट्टीवाला अशी उत्तरं दिली. कट्ट्याच्या कडेला पाटी घेऊन बसणारी एक मावशी आहे. कोलंबी, बोईट, मिळाल्या तर निवट्या विकते. तिला वाचता येत नाही. एका पोराने तिला कोडं वाचून दाखवलं. तिने चिंबोरीच्या नांग्या बांधता बांधता, वर न बघता उत्तर दिलं, “पानी.” खाडीचं पाणी. अंगावर धावून येतं ते उधाण, आवसेपुनवेचं. रुसून बसतं तो भांग, अष्टमीच्या आसपासचा.

तेव्हापासून मला एक गंमत लक्षात आली. जे कोडं मोबाइलला सुटतं ते मावशीला सुटत नाही आणि जे मावशीला सुटतं ते मोबाइलला सुटत नाही. मी दुसऱ्या जातीच्या कोड्यांच्या मागे लागलो. कुठल्या झाडाचं पान चाटलं तर खारट लागतं? तिवराचं, कारण ते मुळांतून आलेलं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. कुठला मासा चिखलावर चालतो? निवटी. “चालतो कुठं, उड्या मारतो,” ही मावशीची दुरुस्ती.

मग एक दिवस मी लिहिलं, ‘आज चतुर्थी. खाडीला भरती किती वाजता?’

मावशी म्हणाली, “चतुर्थी? मंग तीनला.”

“कशावरून?”

“तिथीचं पाउन करायचं. चाराचं पाउन तीन.”

मी उभाच राहिलो. लहानपणी शाळेत आम्हाला पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे पाढे घोकायला लावत. एक पाऊण पाऊण, बे पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. छडी खाऊन पाठ केलेले हे पाढे पुढे मेट्रिक मापं आली, कॅल्क्युलेटर आले, तसे विसरायलाच झाले. पाउणकी कशासाठी होती हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. आणि इथे शाळेची पायरी न चढलेली बाई पाउणकीने खाडीचं घड्याळ लावत होती.

त्यातलं गणित साधं आहे. चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो आणि भरती चंद्राच्या मागे जाते. आपल्या किनाऱ्यावर आवसेला आणि पुनवेला भरती बाराच्या सुमारास असते, दुपारी आणि मध्यरात्री. तिथून रोज पाऊण तास पुढे सरकवत जायचं. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणून सकाळ-संध्याकाळ सहाला. एकादशीला सव्वाआठ. पंधरा पाऊण सव्वाअकरा होतात, चंद्र तर पाऊण तासापेक्षा थोडा जास्तच रेंगाळतो, म्हणून पुनवेला पुन्हा बारा धरायचे आणि वद्य पक्ष एकपासून मोजायचा. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. यासाठी लागतं फक्त भिंतीवरचं कालनिर्णय. ते १९७३ मध्ये सुरू करणारे जयंत साळगावकर शब्दकोड्यांच्या स्पर्धाही चालवायचे, हे मी त्याच आठवड्यात माहितीच्या जागी लिहिलं. तिथ्या आणि कोडी एकाच माणसाच्या हाताखालून गेली, हे मला बरं वाटलं.

पण हे सगळं लिहिताना मनात एक गोष्ट टोचत होती. माझ्या आजाला भरतीची वेळ म्हणजे माहिती नव्हती आणि कोडंही नव्हतं. खारबांधाची उघाडी कधी उघडायची आणि कधी लावायची, हे त्यावर ठरे. चुकला असता तर भाताच्या खाचरात खारं पाणी शिरून वर्ष गेलं असतं. मिठागरात पाणी घ्यायचं ते उधाणाचं. जाळं टाकायचं ते पाणी वळताना. ज्याच्यावर जेवण अवलंबून असतं त्याला कोणी सामान्यज्ञान म्हणत नाही. जेवण दुसरीकडून यायला लागलं की तेच ज्ञान फळ्यावर जाऊन बसतं आणि त्याला ‘तुम्हाला माहीत आहे का?’ असं नाव मिळतं. मी जे रोज लिहितो ती करमणूक आहे, हे खरंच. ती कशाकशाची करमणूक झाली आहे, हेही अधूनमधून मोजायला हवं.

म्हणून मी एका जानेवारीत एक सोपं कोडं लिहिलं.

‘एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. त्याचे साडेबारा टक्के किती?’

पोरांनी लगेच सांगितलं, पाच गुंठे. शाबासकी मिळेल म्हणून थांबली. कट्ट्यावरच्या माझ्या वयाच्या माणसाने मान हलवली. “साडेतीन,” तो म्हणाला. पोरं हसली, काकांचं गणित कच्चं म्हणून. तेव्हा त्याने सांगितलं, की साडेबारातले पावणेचार टक्के सामाजिक सोयींसाठी वळते होतात, हातात उरतात पावणेनऊ. चाळीस गुंठ्यांचे पावणेनऊ टक्के साडेतीन.

मी खडू घेऊन कोडं वाढवलं. ‘वारस सात. प्रत्येकी किती?’

अर्धा गुंठा. गुंठा म्हणजे तेहेतीस फूट बाय तेहेतीस फूट, एक हजार एकोणनव्वद चौरस फूट. त्याचा अर्धा साडेपाचशेला किंचित कमी. एका एकराच्या शेतातून एका वारसाच्या वाट्याला एका लहान फ्लॅटएवढी जमीन. कोणी काही बोललं नाही. मग इमारतींची कामं बघणारा एक तरुण मागून म्हणाला, “काका, एफएसआय दीड धरा की!” म्हणजे आता दिडकी. आठशे सोळा. सगळे हसले, मीही हसलो. पोरांच्या पिढीलाही अपूर्णांकाचा एक पाढा पोटासाठी पाठ आहे, एवढंच त्यातून कळलं.

हे कोडं जानेवारीतच का, ते पोरांनी विचारलं, म्हणून दुसऱ्या दिवशी माहितीच्या जागी लिहिलं. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या पंचाण्णव गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. १९८४ च्या जानेवारीत १६ आणि १७ तारखेला उरणजवळ जासई-दास्तान परिसरात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा परत देण्याचं धोरण त्या लढ्यातून पुढे आलं. त्या दिवशीही विनोद लिहिला नाही. पोरं नेहमी खालून वर वाचतात, आधी विनोद आणि मग बाकीचं. तळ कोरा दिसल्यावर त्यांना वरचं वाचावंच लागलं.

भरतीच्या कोड्याचं उत्तर अजून सांगायचं राहिलं. मावशीने ‘तीन’ म्हटल्यावर सातवीतल्या एका पोराने मोबाइल काढला. “मुंबईची भरती तीनला दहा कमी. मावशी दहा मिनिटं चुकली.” मी त्याला सांगितलं, की ती वेळ तिकडे अपोलो बंदराची असेल. पाणी तिथून खाडीत आत चढायला वेळ घेतं. पोराला पटलं नाही. मलाही ते ऐकीवच होतं. एकतीस वर्षं मी माणसांच्या वेळा नोंदवल्या, पाण्याची कधी नोंदवली नव्हती.

तो रविवार होता. दुपारी तो पोरगा आपल्या आजीला घेऊन निघाला. पाम बीच रस्त्याच्या सिग्नलला दोघं थांबली. आजी बऱ्याच वर्षांनी त्या बाजूला चालली होती. पूर्वी घराच्या मागच्या दारातून खाडीपर्यंत जाता यायचं, आता मध्ये भरधाव गाड्यांच्या रांगा असतात. तिथे चिखलात आजीने त्याला काठी रोवायला लावली आणि पाणी चढायचं थांबेपर्यंत बसवून ठेवलं. तासभर. तासभर एका जागी बसलेला तो पोरगा त्याच्या आईने आजवर पाहिला नव्हता, असं ती मला नंतर म्हणाली.

सोमवारी सकाळी मी उत्तर लिहायला गेलो, तर फळ्यावर माझ्या आधी कोणीतरी लिहून गेलं होतं. अक्षर वाकडं, खडू माझाच, डब्यातून घेतलेला. ‘पाणी ३ वाजून १० मिनिटांनी थांबलं. मी बघितलं.’

मोबाइलच्या वीस मिनिटं पुढे आणि मावशीच्या दहा. मावशीला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, “धा मिंटांनी काय व्हतं? जालं टाकायला तेवरा येल लागतोच.”

फळ्यावर तशी नव्या मजकुराला जागा नव्हती. तरी मी ती ओळ दोन दिवस पुसली नाही. विचार तिच्या वर लिहिला, कोडं तिच्या खाली.