बाबागाडी निवडताना

वाचकहो, माझी दोन्ही मुले बाबागाडीवाचून वाढली. दुपारी पाळणा, संध्याकाळी आजीची कड आणि बाजारात जायचे झालेच तर दुपट्यात गुंडाळून खांद्याशी धरलेले बाळ, एवढीच आमची वाहतूक-व्यवस्था होती. त्यामुळे तीन वर्षांपूर्वी लेक पहिल्या बाळंतपणासाठी पुण्याला माहेरी आली आणि जावयांनी बाबागाडी घेण्याचा विषय काढला, तेव्हा मला ती निव्वळ हौस वाटली. आज माझे मत तसे राहिलेले नाही. गुडघे दुखत असलेल्या आजीला आणि टाक्यांची जखम भरून येत असलेल्या आईला चांगली बाबागाडी हा मोठाच आधार असतो. मात्र चुकीची गाडी किती घातक ठरू शकते, हेही मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. तो प्रसंग आणि त्यातून आम्ही शिकलेल्या चार गोष्टी आपणांस सांगाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू.

सव्वा महिना उलटल्यावर आम्ही सारे मिळून दुकानात गेलो. गुळगुळीत फरशीवर ती निळी गाडी एका बोटाने ढकलली तरी सरसर धावत होती. तिला जाडजूड गादी होती, आईच्या पाण्याच्या बाटलीसाठी खण होता, मोबाइलसाठी कप्पा होता. जावयांना रंग आवडला, लेकीला कापड आवडले, मला तिचा भारदस्तपणा आवडला. गाडीचे वजन किती, तिची पाठ कितपत आडवी होते, हे दोन प्रश्न आमच्यापैकी एकालाही सुचले नाहीत. बाळासाठी वस्तू घेताना आपण बहुधा स्वतःच्याच डोळ्यांनी पाहतो. बाळाच्या पाठीने आणि मानेने विचार करीत नाही.

पहिली अडचण घरी पोहोचताच उभी राहिली. आमच्या जुन्या इमारतीच्या लिफ्टचे दार ६० सेंटिमीटर रुंद आणि गाडी ६४! प्रत्येक वेळी गाडीची घडी करायची, तर दोन्ही हात आणि एक पाय लागे. मग बाळ कोणी धरायचे? गाडीचे वजन तेरा किलो. शस्त्रक्रियेने बाळंत झालेल्या लेकीला डॉक्टरांनी बाळापेक्षा जड काही उचलू नको म्हणून बजावले होते. साहजिकच ती गाडी उचलण्याचे काम माझ्या कमरेवर आले.

ही गैरसोय आम्ही निभावून नेली असती; पण पुढे जे घडले ते गैरसोयीपुरते नव्हते.

नात दोन महिन्यांची होत आली होती. सकाळच्या कोवळ्या उन्हात आम्ही तिला जवळच्या उद्यानात नेले. गाडीची पाठ निम्मीच मागे कलत असे. बाळाला टेकायला बरे, म्हणून मी डोक्यामागे दुपट्याची घडी ठेवली होती. नात झोपली. लेक शेजारणीशी बोलत होती, मी बाकावर बसले होते. पंधरा-वीस मिनिटे गेली असतील. पायमोजा निसटलेला दिसला म्हणून मी वाकले आणि थबकले. नात घसरून खाली आली होती, तिची हनुवटी छातीवर रुतली होती. श्वासाचा बारीक घरघर आवाज आला आणि पुढच्या क्षणी तोही ऐकू येईना. ओठांभोवतीचा रंग मला नेहमीचा वाटला नाही. मी तिला झटकन उचलून घेतले. मान सरळ होताच तिने मोठा श्वास घेतला आणि ती रडू लागली. लेक धावत आली. "आई, काय झालं गं?" असे ती विचारत होती आणि मला शब्द फुटत नव्हता.

आम्ही तशाच बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी नातीला बारकाईने तपासले, काही वेळ तिथेच थांबवून घेतले आणि काळजीचे कारण नसल्याचे सांगितले. मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "आजी, तान्ह्या बाळाचं डोकं शरीराच्या मानानं जड असतं आणि मान ते पेलण्याइतकी बळकट झालेली नसते. बाळ अर्धवट बसतं झालं की डोकं पुढे झुकतं. त्याची श्वासनलिका अरुंद आणि मऊ असते. हनुवटी छातीला टेकली की श्वासाची वाट दबते. अशा वेळी बाळ रडत नाही, हातपायही झाडत नाही. पाहणाऱ्याला वाटतं, शांत झोपलंय." मी प्रेमाने ठेवलेल्या घडीविषयी विचारले. ते म्हणाले, "तिनं डोकं आणखी पुढे ढकललं."

वाचकहो, म्हणून गाडी निवडताना पहिला प्रश्न हाच विचारा की तिची पाठ पूर्ण आडवी होते का? साधारण चौथ्या महिन्यात बाळ मान धरते आणि सहाव्या महिन्याच्या आसपास आधाराने, मग आधाराविना बसू लागते. तोवर त्याला सपाट, टणक पृष्ठभागावर उताणे निजवता येईल अशीच गाडी हवी. फार मऊ, खोलगट गादी, उशी, गुंडाळी यांची बाळाला गरज नसते. गाडीत बाळाचा डोळा लागला तर त्याचा चेहरा आपल्याला दिसत राहिला पाहिजे आणि घरी येताच त्याला स्वतःच्या अंथरुणावर उताणे निजवले पाहिजे. बाबागाडी ही रात्रीच्या झोपेची जागा नव्हे.

दुकानदाराने थोडी रक्कम कापून ती गाडी परत घेतली. दुसऱ्या खेपेस मी शिवणाची टेप आणि दुपट्यात बांधलेले पाच किलो तांदूळ घेऊन दुकानात गेले. नातीचे वजन तेव्हा जवळजवळ तेवढेच होते. "काकू, तांदूळ घेऊन आलेल्या तुम्ही पहिल्याच!" असे म्हणून विक्रेता हसला, परंतु त्या तांदळांनी मला बरेच काही दाखवले. रिकामी गाडी सगळीच चांगली पळते. वजन ठेवल्यावर ती एका बाजूस ओढते का, वळताना अडखळते का, पायरीवरून उतरवताना पुढे कलंडते का, हे कळते.

नंतर मी पट्टे पाहिले. केवळ कमरेचा पट्टा असलेल्या गाडीतून बाळ खाली घसरू शकते किंवा उभे राहून पुढे पडू शकते. दोन्ही खांद्यांवरून, कमरेच्या दोन्ही बाजूंनी आणि पायांच्या मधून येणारा, असा पाच ठिकाणी धरणारा पट्टा सर्वांत सुरक्षित. तो बाळाच्या वाढीनुसार लहानमोठा करता यावा. बांधल्यावर पट्टा आणि बाळाचे अंग यांच्यामध्ये आपले एखादे बोट सरकावे, त्याहून ढिला नको. त्याचा खटका मोठ्या माणसाला सहज उघडता यावा, मुलाला नव्हे. दोन मिनिटांचेच अंतर असले तरी पट्टा बांधावा. गतिरोधकाला किंवा उखडलेल्या फरशीला गाडी अडकली की ती जागच्या जागी थांबते, पण बाळ पुढे फेकले जाते.

ब्रेकची परीक्षा सपाट फरशीवर होत नाही. मी विक्रेत्याला विनंती करून गाडी दुकानाबाहेरच्या उतारावर नेली, तांदूळ ठेवले, ब्रेक लावला आणि दांडा ढकलून पाहिला. एका गाडीची चाके ब्रेक लावूनही हळूहळू घसरू लागली. ती मी तिथेच नाकारली. एकाच कळीने मागची दोन्ही चाके अडकावीत आणि ब्रेक लागला आहे की नाही हे पाहताक्षणी कळावे. गाडी थांबवली की ब्रेक लावायचा, मग उतार असो वा नसो, हा नियम आमच्या घरी पाहुण्यांनाही सांगितला जातो. उतारावर गाडी उभी करण्याची वेळ आलीच, तर ती उताराला आडवी ठेवून दांडा हाती धरावा.

घडी होणाऱ्या गाडीची कहाणी मला नंतर वाचनात आढळली आणि ती फार आवडली. ओवेन मॅक्लारेन हे इंग्लंडमधील निवृत्त विमान-अभियंते. स्पिटफायर या लढाऊ विमानाची चाके आत मिटण्याच्या यंत्रणेवर त्यांनी काम केले होते. प्रवासात जड गाडीमुळे होणारे लेकीचे हाल पाहून या आजोबांनी १९६५ मध्ये ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी हलकी बाबागाडी तयार केली. आजच्या पुष्कळ घडीच्या गाड्यांचे मूळ तिथे आहे. परंतु जिथे घडी आली तिथे बिजागरी आली, आणि बिजागरीत बाळाची बोटे चिमटतात. २००९ साली अमेरिकेत सुमारे दहा लाख गाड्यांच्या बिजागऱ्यांवर आवरणे बसवावी लागली, कारण मुलांच्या बोटांची टोके तुटल्याच्या बारा घटना तिथे नोंदल्या गेल्या होत्या. म्हणून बिजागरी झाकलेली आहे ना, हे हात फिरवून पाहा. गाडी उघडताना-मिटताना बाळ हातभर दूर असू द्या. उघडल्यावर कुलूप 'खट्' असे बसले याची खात्री झाल्यावाचून बाळाला आत ठेवू नका.

चाकांचा विचार आपल्या रस्त्यांवरून करावा, दुकानाच्या फरशीवरून नव्हे. आपले पदपथ मध्येच तुटतात, पेव्हर ब्लॉक उखडलेले असतात. अगदी लहान, कडक चाके अशा जागी अडकतात आणि हादरे थेट बाळापर्यंत पोहोचतात. मध्यम आकाराची, धक्के सोसणारी चाके बरी. दांड्याची उंची ढकलणाऱ्याच्या कमरेशी जुळावी. आमच्या घरी लेक उंच आणि मी बुटकी, म्हणून वरखाली होणारा दांडा निवडला. त्याच दांड्याने मला आणखी एक धडा दिला. एकदा मी त्याला भाजीची पिशवी अडकवली होती. नातीला उचलून घेताच गाडी मागे उलटली आणि वांगी, बटाटे रस्ताभर गडगडले. नात माझ्या कडेवर हसत होती. पण ती आत असती तर, हा विचार मनातून जाईना. तेव्हापासून सामान गाडीखालच्या जाळीत जाते, दांड्यावर काही नाही.

आपल्या हवामानाविषयीही सांगायला हवे. ऊन लागू नये म्हणून गाडीवर ओढणी किंवा दुपटे पांघरण्याची सवय सर्रास दिसते. हेतू चांगला, पण त्यामुळे आतली हवा खेळत नाही आणि उकाडा झपाट्याने वाढतो. तान्ह्या बाळाला आपल्याइतके शरीराचे तापमान सांभाळता येत नाही. गाडीचे छत पुढे ओढता येणारे असावे, बाजूंनी वारा लागावा, कापड सुती आणि धुता येण्याजोगे असावे. चैत्र-वैशाखात दुपारचे बाहेर पडणेच टाळावे. बाळाची मान आणि छाती हाताने चाचपून पाहावी. ती तापलेली किंवा घामेजलेली असेल, तर एखादे वस्त्र कमी करावे.

आणखी एक गोष्ट गाडीत नव्हे, रस्त्यात असते. बाबागाडीतील बाळाचे नाक वाहनांच्या धुराड्यांच्या जवळजवळ उंचीवर येते. इंग्लंडमधील सरे विद्यापीठाच्या संशोधकांनी या प्रश्नाकडे मुद्दाम लक्ष वेधले आहे. म्हणून आम्ही चौकातून जाणारा जवळचा रस्ता सोडला आणि आतल्या गल्लीतून जाऊ लागलो. पाच मिनिटे जास्त लागतात, सावली अधिक मिळते. रस्ता ओलांडताना आधी गाडी पुढे काढून मग वाहने पाहण्याची चूकही कटाक्षाने टाळावी. सरकत्या जिन्यावर गाडी कधीही चढवू नये, लिफ्ट शोधावी.

नात्यातून मिळालेली जुनी गाडी वापरण्यात कमीपणा नाही. आपल्याकडे पाळणा पिढ्यान्‌पिढ्या फिरतो, तशी गाडीही फिरू दे. मात्र तिचे पट्टे विरलेले नाहीत, ब्रेक झिजलेला नाही, खिळे-स्क्रू ढिले नाहीत, कुलूप पक्के बसते, हे तपासूनच ती घ्या. भावनेपोटी बिघडलेली गाडी स्वीकारू नका आणि कुणाला देऊही नका.

आमची दुसरी गाडी दिसायला साधी, करड्या रंगाची, आठ किलोंची होती. लिफ्टमध्ये ती न मिटता जाई. तिच्यात नात आडवी झोपली, पुढे बसली, आणि आता ती तिच्यात बसायला तयारच नसते. आपली बाहुली आत ठेवून स्वतः गाडी ढकलते. परवा ती अंगणात थांबली, वाकली आणि छोट्या पावलाने ब्रेकची कळ दाबली. मग बाहुलीचा पट्टा ओढून पाहिला. हे तिला कोणी शिकवले नव्हते. तिने आम्हांला रोज तसे करताना पाहिले होते.

आपणही बाबागाडी घ्यायला निघाला असाल, तर रंग शेवटी निवडा. आधी लिफ्टचे दार मोजा, आणि दुकानात जाताना बाळाच्या वजनाइतके तांदूळ बरोबर न्यायला संकोचू नका.